भोवळलेल्या माशांच्या वैद्य

तळ्यातला मासा आजारी पडला तर ते कळायलाही उशीर होतो. गाय चारा सोडते, कोंबडी मान टाकते, शेतकऱ्याच्या ते तत्काळ ध्यानात येते. मासा मात्र पाण्याआड असतो. तो पोट वर करून तरंगू लागतो, तेव्हा त्याच्यासोबत तळ्यातील निम्मे पीक गेलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील मत्स्यपालकांची हीच अवस्था होती. मासे मरत, कारण कळत नसे आणि पुढच्या वर्षी त्याच तळ्यात सोडलेली नवी पिल्लेही त्याच वाटेने जात. या मृत्यूंमागची कारणे शोधण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालवले, त्या मारियाने प्लेन आज मत्स्यरोगशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानल्या जातात. बव्हेरियात प्राध्यापक हा किताब मिळवणारी पहिली स्त्री म्हणूनही जर्मनीला त्यांचे नाव ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर येत नाही.

ज्या रोगामुळे त्यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले, तो पाहताक्षणी अंगावर काटा आणणारा आहे. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलात तो पाळला जातो. १८८० च्या सुमारास रेनबो ट्राउट या अमेरिकी जातीची अंडी जर्मनीत आली. हा मासा झपाट्याने वाढे, त्यामुळे मत्स्यपालकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. दहा-पंधरा वर्षे लोटली आणि तळ्यांतून विचित्र दृश्ये दिसू लागली. बोटाएवढी पिल्ले स्वतःच्याच शेपटीमागे लागल्यासारखी गरगर फिरत, दमून तळाशी पडत आणि जरा वेळाने पुन्हा फिरू लागत. काहींचा शेपटीकडचा भाग काळाठिक्कर पडे. जी वाचत, त्यांचे कणे वाकडे, डोकी चेपलेली आणि जबडे तिरपे होत. असा मासा बाजारात कोण घेणार? गंमत अशी, की जवळच्याच ओढ्यातील देशी ब्राउन ट्राउट मात्र धडधाकट असत. जर्मन मत्स्यपालक या रोगाला गरगर फिरण्याचा रोग म्हणू लागले.

मारियाने प्लेन यांचा जन्म १८६३ मध्ये पश्चिम प्रशियातील लुबोखिन या जमीनदारी वाडीत झाला. हा भाग आता पोलंडमध्ये आहे. घर सधन होते आणि मुले बुद्धिमान. आल्बर्ट आणि फ्रीडरिश हे दोन भाऊ डॉक्टर झाले. कॅमेरूनसारख्या तत्कालीन जर्मन वसाहतींत जाऊन त्यांनी मलेरियावर काम केले. बहीण रोझ चित्रकार झाली. मारियाने यांना प्राणिशास्त्र शिकायचे होते आणि तिथे दार बंद होते. प्रशियातील विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश दिला तो १९०८ मध्ये; बव्हेरियात ते १९०३ मध्ये घडले. शिकण्याची जिद्द असलेल्या जर्मन मुलींसमोर त्या काळी एक मोठा मार्ग होता, स्वित्झर्लंडमधील झुरिचचा. तिथे १८६० च्या दशकापासूनच स्त्रियांना विद्यापीठाचे दार उघडे होते.

झुरिचमध्ये त्यांच्याभोवती जमलेल्या मैत्रिणींची नुसती यादीही त्या काळाविषयी बरेच सांगून जाते. पुढे जर्मन साहित्यात मानाचे स्थान मिळवणाऱ्या रिकार्डा हूख तिथे इतिहास शिकत होत्या, समाजकार्यात नाव कमावणाऱ्या मारी बाउम रसायनशास्त्र शिकत होत्या. मारियाने यांनी विषय निवडला तो समुद्रातील चपट्या कृमींचा. १८९६ मध्ये त्या डॉक्टरेट झाल्या. समुद्रात स्वच्छंद फिरणाऱ्या या नाजूक प्राण्यांचा माशांच्या रोगराईशी वरवर काहीच संबंध नाही. परंतु पातळ काप घेणे, ते रंगवणे, पेशींचे थर ओळखणे आणि पाहिलेले हुबेहूब रेखाटणे हे कसब त्यांना या कृमींनीच दिले. पुढच्या आयुष्यात तेच त्यांचे भांडवल ठरले.

१८९८ च्या सुमारास त्या म्युनिकला आल्या. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात ब्रूनो होफर यांनी मत्स्यव्यवसायासाठी जैविक प्रयोगकेंद्र उभारले होते. होफरही पूर्वेकडचेच, पूर्व प्रशियातले. तरुणपणी त्यांनी अमिबाचे दोन तुकडे करून, केंद्रक नसलेला तुकडा फार काळ तग धरू शकत नाही, हे दाखवणारे प्रयोग केले होते. असा प्रयोगशाळेत रमणारा माणूस आता मेलेल्या माशांच्या मागे लागला होता, कारण ते काम करणारे दुसरे कुणी नव्हते. पशुवैद्य घोडे आणि गुरे पाहत, प्राणिशास्त्रज्ञांना निरोगी मासा हवा असे आणि मत्स्यपालकाला विचारायला जागा नव्हती. या केंद्राने ती जागा दिली. मासे का मेले, हे विचारणारी पार्सले तिथे येऊ लागली. मृत मासा काही तासांत कुजतो आणि पाण्यातले जिवाणू त्याच्या देहात शिरून खऱ्या गुन्हेगाराचा माग पुसून टाकतात. त्यातून रोगाचे कारण शोधायचे, तेही गिऱ्हाइकाचे तळे रिकामे होण्यापूर्वी! प्लेन या कामात साहाय्यक म्हणून रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत त्यांनी हा विषय सोडला नाही.

तो काळ जंतूंच्या शिकारीचा होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला होता. एका रोगाला एक जंतू, तो पकडा, वेगळा वाढवा, निरोगी प्राण्याला टोचा आणि रोग झाला की खटला संपला, अशी शिस्त कॉख यांच्या परंपरेने घालून दिली होती. म्युनिकच्याच परिसरात १८९४ मध्ये एमेरिक आणि वाइबेल यांनी ट्राउटच्या अंगावर गळवे आणणारा जिवाणू शोधून या पद्धतीचे यश माशांतही दाखवले होते. गरगर फिरणारा रोग मात्र या चौकटीत बसेना.

होफर यांना आजारी पिल्लांच्या डोक्यात सूक्ष्म बीजाणू सापडले. हे जिवाणू नव्हते. भिंगासारख्या दोन शकलांच्या कवचात बंद झालेला हा परजीवी होता. १९०३ मध्ये होफर यांनी त्याला मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस असे नाव दिले. नावात मेंदू आला. परंतु हा परजीवी नेमका राहतो कुठे आणि करतो काय, हे तपशीलवार दाखवले ते मारियाने प्लेन यांनी, त्यानंतरच्या दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात. त्यांनी पिल्लांच्या कवटीचे आणि कण्याचे काप घेतले. तेव्हा दिसले, की परजीवी मेंदूला हात लावत नाही. तो कूर्चा खातो. माशाचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचा सांगाडा मऊ कूर्चेचा असतो, हाड त्यावर मागाहून चढते. याच कोवळ्या काळात परजीवी शिरला, तर कवटी आणि कणा आतून पोखरले जातात.

या एका निरीक्षणाने मत्स्यपालकांना पडलेली कितीतरी कोडी सुटली. रोग पिल्लांनाच का होतो? कारण मोठ्या माशात पोखरण्यासारखी कूर्चा फारशी उरत नाही. वाचलेला मासा कुबडा का? कारण पोखरलेल्या जागी हाड वेडेवाकडे जुळते. शेपूट काळी का पडते? कारण चेपलेल्या कण्यातून जाणाऱ्या, त्वचेचा रंग सांभाळणाऱ्या नसांवर दाब येतो. गरगर फिरण्याचे कारण मात्र सोपे नव्हते. बराच काळ कानाजवळच्या, तोल सांभाळणाऱ्या अवयवाभोवतीच्या कूर्चेकडे बोट दाखवले गेले. अलीकडच्या संशोधनाने मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू यांवरील दाबाला दोष दिला आहे. प्लेन यांनी या परजीवीला लेंटोस्पोरा हे नवे कुलनामही दिले होते. ते टिकले नाही. पुढे आणखी एक नाव आले, तेही गेले आणि अखेर होफर यांचेच मिक्सोबोलस परत आले. कूर्चेविषयीचे निरीक्षण मात्र कुणाला बदलावे लागले नाही.

इथे आणखी एक गुंता होता. ट्राउटच्या तळ्यांत दुसराही एक भोवळीचा रोग होता. त्यात मासे चक्राकार फिरण्याऐवजी दारुड्यासारखे झोकांड्या खात. काठावरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटावेत. प्लेन यांनी मुल्सो या सहकाऱ्यासमवेत १९११ मध्ये दुसऱ्या रोगाचे कारण वेगळे असल्याचे मांडले. या माशांच्या यकृतात, हृदयात, मूत्रपिंडात आणि कधी मेंदूत गोल पुटकुळ्या भरलेल्या आढळत, त्यांत बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव असे. त्याला त्यांनी इक्थिओफोनस होफेरी असे नाव दिले. ग्रीकमध्ये पहिल्या शब्दाचा अर्थ होतो माशांचा मारेकरी आणि दुसरा शब्द आपल्या वरिष्ठांच्या गौरवार्थ. मारेकऱ्याला गुरूचे नाव देणे हा आदराचा प्रकार प्राणिशास्त्रज्ञांच्या जगातच शोभावा! हा जीव पुढे कच्च्या सागरी माशांच्या खाद्यातून मत्स्यकेंद्रांत शिरतो असे लक्षात आले. १९५० च्या दशकात कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात आणि १९९१ नंतर उत्तर समुद्राच्या परिसरात त्याने हेरिंग माशांचा संहार केला. त्याला बुरशी मानण्याची रीत १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने मोडीत काढली. प्राणी आणि बुरशी यांच्या वंशवृक्षांच्या फाट्याजवळ बसणारा तो वेगळाच एकपेशीय जीव निघाला.

प्लेन यांचा प्रत्येक निष्कर्ष काळाच्या कसोटीवर उतरला, असे मुळीच नाही आणि त्यांचे चरित्र वाचताना हे लपवण्याचे कारणही नाही. कार्प माशांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक इवलासा कृमी त्यांनी १९०५ मध्ये शोधला आणि त्याला सँग्विनिकोला, म्हणजे रक्तात वस्ती करणारा, असे नाव दिले. त्याची अंडी कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांत अडकून माशाचा श्वास कोंडतात. शोध अचूक होता, पण त्या कृमीचे कुळ त्यांनी चुकवले. झुरिचमध्ये अभ्यासलेल्या स्वच्छंद कृमींचाच हा भाऊबंद असावा, असे त्यांना प्रथम वाटले. मग त्यांनी तो पट्टकृमींत घातला. अखेर १९११ मध्ये स्वीडनच्या ओढ्नर यांनी तो पर्णकृमी असल्याचे दाखवले. माणसाला शिस्टोसोमियासिस देणाऱ्या रक्तकृमींच्या जवळचे हे घराणे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९०२ मध्ये प्लेन यांनी पाळीव ट्राउटच्या गळ्याखाली वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले आणि ती थायरॉइड ग्रंथीची मारक अर्बुदे असल्याचे निदान केले. पुढे अमेरिकेतील मत्स्यकेंद्रांतही अशा गाठी आढळल्या, तेव्हा हा संसर्गजन्य कर्करोग असावा या शंकेने तिथे खळबळ माजली. डेव्हिड मरीन या तरुण डॉक्टरने १९१० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील मत्स्यकेंद्रात जाऊन पाण्यात किंचित आयोडीन घातले आणि गाठी बसू लागल्या. तो कर्करोग नव्हता, संसर्गही नव्हता. गर्दीत, निकृष्ट खाद्यावर वाढलेल्या माशांचा तो गलगंड होता. याच मरीन यांनी १९१७ पासून ॲक्रन येथील शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे सिद्ध केले आणि आयोडीनयुक्त मिठाची वाट मोकळी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते प्लेन यांनी प्रामाणिकपणे मांडले होते. परंतु रोगाचे कारण दर वेळी काचपट्टीवर सापडत नाही, कधी ते पाण्यात आणि खाद्यात असते.

गळवांच्या रोगाबाबत तर मत्स्यपालक आणि नदीत गळ टाकणारे यांच्यात वादच होता. हा रोग मत्स्यकेंद्रांतच उपजतो, नैसर्गिक पाण्यात नाही, असा समज होता. प्लेन यांनी १९०९ च्या सुमारास बव्हेरियातील मोकळ्या नद्या-ओढ्यांतील माशांतही तो दाखवून दिला. म्हणजे आता तळ्याला कुंपण घालून भागणार नव्हते. पाणी जिथून येते तिथला मासाही संशयित झाला. ब्रिटनमध्ये याच रोगासाठी १९२९ मध्ये खास समिती नेमावी लागली आणि तिच्या अहवालांनंतर १९३७ मध्ये माशांच्या रोगांविषयीचा कायदा झाला. १९१२ मध्ये प्लेन यांनी कार्पचे कल्ले कुजवणारी ब्रँकिओमायसिस ही बुरशी शोधली. उन्हाळ्यात पाणी तापले आणि तळ्यात शेणखताचा, कुजक्या पाल्याचा गाळ साचला की ही बुरशी बळावते. भारतातील कार्पच्या तळ्यांतही कल्ले कुजण्याच्या या रोगाची नोंद झालेली आहे.

१९१४ मध्ये बव्हेरियाचे राजे तिसरे लुडविग यांनी त्यांना प्राध्यापक हा किताब बहाल केला. त्या पन्नाशीच्या होत्या. असा मान मिळवणाऱ्या बव्हेरियातील त्या पहिल्याच स्त्री, परंतु हा बहुमान होता, अध्यासन नव्हे. जर्मनीत स्त्रीला विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळायला पहिले महायुद्ध संपावे लागले. १९१६ मध्ये होफर निवर्तले. पंधरा वर्षांहून अधिक काळ केंद्राच्या रोगनिदानाचा भार वाहिलेल्या प्लेन तिथेच होत्या. पण होफर यांची जागा मिळाली ती राइनहार्ड डेमोल यांना. डेमोल हे मातब्बर प्राणिशास्त्रज्ञ होते यात शंका नाही. तरीही ही नोंद वाचताना मनात यायचे ते येतेच.

प्लेन काम करत राहिल्या. १९२४ मध्ये त्यांचे माशांच्या रोगांचे प्रात्यक्षिक शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. होफर यांचा १९०४ चा ग्रंथ हा या विषयाचा पहिला मोठा पाया. प्लेन यांचे पुस्तक हातात चिमटा घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी होते. मासा कसा उघडावा, कुठल्या अवयवाचा तुकडा घ्यावा, काय शोधावे, हे त्यातून पुढच्या पिढीने शिकून घेतले. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर काही महिन्यांनी, १९४६ च्या जानेवारीत, म्युनिकजवळच्या ग्राफराट येथे त्यांचे निधन झाले. बव्हेरियात डॉक्टरेट करणाऱ्या तरुण संशोधकांसाठीच्या एका कार्यक्रमाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

गरगर फिरणाऱ्या माशांची कथा मात्र त्यांच्या मृत्यूपाशी थांबत नाही, कारण त्यातील सर्वांत अवघड प्रश्न तसाच राहिला होता. परजीवी सापडला, तो कुठे राहतो तेही कळले. पण माशाला तो लागतो कसा? आजारी माशातले बीजाणू निरोगी पिल्लांना खाऊ घातले, तरी त्यांना काही होत नसे. कॉख यांच्या कसोटीची शेवटची पायरी इथे निसटत होती. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधकांच्या लक्षात आले, की बीजाणू काही महिने चिखलात पडू दिले तर त्या चिखलातून रोग होतो. चिखलात त्यांचे काय होते, ते कुणी सांगू शकत नव्हते.

मधल्या काळात परजीवी जगभर फिरला होता. १९५० च्या दशकात तो पेनसिल्व्हेनियात आढळला. रेनबो ट्राउट मूळचा अमेरिकेचा, रोग त्याला युरोपात जडला आणि आता तो माशाच्या माहेरी पोहोचला. १९९० च्या दशकात मोंटानातील मॅडिसन नदीच्या एका मोठ्या टप्प्यात रेनबो ट्राउटची संख्या नव्वद टक्क्यांनी घसरली.

चिखलातल्या कोड्याचे उत्तर १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील लीटाउन प्रयोगशाळेत केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह यांनी दिले. ते होते ट्युबिफेक्स, म्हणजे घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारे मुंबई-पुणेकर ज्यांना माशांचे खाद्य म्हणून ओळखतात, ते लाल धाग्यासारखे किडे. माशातला बीजाणू चिखलातला हा किडा गिळतो. किड्याच्या आतड्यात परजीवीचे पूर्ण रूपांतर होते आणि तीन फाट्यांच्या नांगरासारखा दिसणारा नवाच जीव पाण्यात तरंगू लागतो. तो पिल्लाच्या कातडीला चिकटला की संसर्ग झाला. ही दोन रूपे इतकी भिन्न होती, की शास्त्रज्ञांनी त्यांना दोन वेगवेगळ्या वर्गांत घातले होते. किड्यांतील अशा रूपांचे वर्णन प्रागच्या आंतोनिन श्टोल्ट्स यांनी १८९९ मध्येच केले होते आणि माशांतील परजीवींशी त्यांचे नाते असल्याचेही त्यांना जाणवले होते. म्हणजे होफर-प्लेन यांच्या शोधाच्या चार-पाच वर्षे आधीच कोड्याचा दुसरा अर्धा भाग छापून झालेला होता आणि म्युनिक ते प्राग हे अंतर फार नव्हते. मलेरियाचा परजीवी माणूस आणि डास अशी दोन घरे करून राहतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिले होते. ज्यांचे दोन भाऊ मलेरियावर काम करत होते, त्या प्लेन यांना दोन घरांची ही कल्पना परकी नसावी. तरीही माशाच्या रोगाचे दुसरे घर शोधायला चिखलात हात घातला गेला तो ऐंशी वर्षांनी.

वुल्फ आणि मार्किव्ह यांनी १९८४ मध्ये हा निष्कर्ष सविस्तर मांडला, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. शंका फिटायला काही वर्षे गेली. १९८९ मध्ये मन्सूर अल-मतबूली आणि रुडॉल्फ हॉफमान यांनी हाच प्रयोग स्वतंत्रपणे करून किड्यांमार्फत होणारा संसर्ग सिद्ध केला. हे दोघे म्युनिक विद्यापीठात माशांच्या रोगांवर काम करत होते. होफर आणि प्लेन यांचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९१४ मध्ये याच विद्यापीठात विलीन झाले होते.